आधीच आलेला पाट

मुंबईत असताना मी लायब्ररीतून आठवड्याला एक रहस्यकथा आणत असे. वारसाने मिळालेलं घर हा त्या काळी चलतीचा विषय होता. नायिकेला दूरच्या कोणाकडून तरी घर मिळतं, ती ते दुरुस्त करायला घेते, घरात भुयार सापडतं, भुयारात हाडं सापडतात, आणि शेजारी एक देखणा माणूस राहत असतो, जो काहीतरी लपवतोय हे वाचकाला पहिल्या भेटीतच कळतं आणि नायिकेला शेवटच्या प्रकरणात. मला घर मिळालं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, एका शाळेत शिकवत होते, आणि असल्या ढीगभर कादंबऱ्या वाचून तयार होते. आमच्या घरात भुयार नव्हतं. मागच्या अर्ध्या भागाला छप्परही नव्हतं.

घर धामापूरच्या तळ्याच्या खालच्या अंगाला, माडाफोफळींत. चिऱ्यांच्या भिंती, फणसाच्या लाकडाचे खांब, वर मंगळुरी कौलं. बाबा मुंबईला नोकरीत, त्यामुळे घर वर्षभर बंद आणि चतुर्थीला उघडं. गणपती यायचा, जायचा, की आम्ही कुलूप लावून परत. बाबा त्या वर्षी थंडीत गेले. नवे पैसे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, आई अजून आण्यांतच बोलत होती. राहती खोली बाबांच्या नोकरीबरोबरच गेली आणि आम्ही दोघी मामाच्या घरी राहायला गेलो.

मामा वाईट नव्हता. मामीही नव्हती. पण आईने स्टोव्हला हात लावला की मामी म्हणे, “वन्सं, तुमी बसा.” भांडी घासायला घेतली की, “बसा वो तुमी.” माणसाला ‘बसा बसा’ म्हणूनसुद्धा मारता येतं, हे मी तिथे पाहिलं. एक दिवस आई मला गॅलरीत म्हणाली, “माका माझ्या चुलीर पेज करून खाऊची आसा. बाकी काय नको.” हे ती रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. बाजारात भाजी आली आहे का विचारावं तसं ती म्हणाली, म्हणून मला झोंबलं.

त्यातच गावाहून आलेल्या एकाने काकांचा निरोप आणला: औंदा चतुर्थी आमच्याकडे, तुम्ही येवा.

हे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, बाबांहून थोरले. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. दोन्ही घरांचा मिळून गणपती एक, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात बसायचा. निरोप साधा वाटतो, पण आमच्याकडे ज्या घरात गणपती बसतो ते घराण्याचं मूळ घर. ते पाडायची कोणाची छाती नाही. गणपती एकदा तिथून उठला, की मग राहिले ते नुसते चिरे आणि लाकूड. काकांना मुलांसाठी दोन खोल्या वाढवायच्या होत्या आणि आमचे फणसाचे खांब त्यांच्या नजरेत होते, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. “पडाक इलेला घर, त्येत पुरुष माणूस नाय. देवाक थंय कसो बसवतलास?” असंही त्यांनी निरोप्याबरोबर सांगून पाठवलं होतं.

माझा स्वभाव तापट आहे, हे इथे नम्रपणे नमूद करते. ‘पुरुष माणूस नाय’ ऐकल्यावर मी शाळेत बिनपगारी रजा टाकली, वैशाखात आईला घेऊन बोटीत बसले आणि मालवणला उतरले.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी मला शिकवलं, नोकरी करू दिली, पण कौतुकाचा एक शब्द तोंडातून काढला असेल तर शपथ. कोणी मुलाबाळांबद्दल विचारलं की म्हणत, “एक चेडू आसा,” आणि लगेच पावसाचा विषय काढत. मी झील, म्हणजे मुलगा, नाही, चेडू, म्हणजे मुलगीच आहे, ह्याचं त्यांना वाईट वाटतं असं मी लहानपणापासून धरून चालले होते. मोठी झाल्यावर त्याची सवय झाली. सवय झाली म्हणजे दुखायचं थांबलं असं नव्हे.

आम्ही पोचलो तेव्हा काका गडग्यावर हात टेकून उभे. उंच, वाळके, कानाला अर्धी विडी.

“इलंस? ह्या घरात ऱ्हवतलंस कशी? साप आसत थंय.”

“सापांका सांगा, आमी इलंव म्हणान,” मी म्हटलं.

आमचा संवाद पुढे दोन-तीन महिने साधारण ह्याच सुरात चालला.

कादंबरीतली नायिका घर दुरुस्त करते म्हणजे पडदे बदलते. मला सुतार शोधावा लागला. सुतार मिळाला, पण तो ‘फाल्या येतंय’ म्हणायचा आणि फाल्या म्हणजे उद्या, हे फक्त शब्दकोशात. मी त्याच्या दारात जाऊन बसायला लागले. तेव्हा त्याची बायको त्याला म्हणाली, “जावा बाबा, नायतर ह्या चेडू हयच जेवाक बसतला.” मग तो आला. मागच्या कोसळलेल्या छपराचं उरलंसुरलं उतरवलं, वाळवी लागलेले वासे काढले. काका गडग्यापलीकडून बघत आणि मान हलवत. “ह्यो वासो टिकाचो नाय,” म्हणत, की मी लगेच सुताराला तो वासा बदलायला लावी. “थंयसून पाणी येतला,” म्हणत, की मी तिथली कौलं पुन्हा चाळून घेई. घराची सगळी कुजकी लाकडं काकांनीच दाखवून दिली, असं म्हणायला हरकत नाही. प्रेमाने केलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं. ते घर रागावर उभं राहिलं. मृग लागायच्या आत शेवटचं कौल चढलं, आणि सुतार, गवंडी, त्यांची पोरं, सगळी आपापल्या शेतात गडप झाली.

आई तोवर खळ्यात, म्हणजे अंगणात, तीन दगड मांडून रांधत होती. घरातली चूल नव्याने घातली, सारवली, पण तिने ती पेटवली नाही. “गणपती येवंदे,” म्हणाली. “त्येच्या आदी नको.” काका जिंकले तर आपल्याला उठावं लागेल, आणि एकदा पेटवलेली चूल विझवून उठणं तिच्याच्याने होणार नाही, हे ती बोलली नाही. मला कळलं. मी पुन्हा चिडले, ह्या वेळी कोणावर ते ठरेना.

आषाढ लागला. आता पाट द्यायचा.

मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे गणपतीची शाळा म्हणतात. प्रत्येक घर आपला स्वतःचा लाकडी पाट तिथे नेऊन देतं. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि पाटासकट घरी येते. विसर्जन झालं की व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, मूठभर वाळू घेऊन पाट परत घरी. तो माळ्यावर ठेवायचा, वर्षभर त्याला हात लावायचा नाही. नवा पाट करता येतो, नाही असं नाही, पण मग तो गणपतीही नवा. मूळ पाटावरचा तो मूळ गणपती. आमचा पाट फणसाचा, एका कोपऱ्याला समईने पोळलेला काळा डाग.

मी माळ्यावर चढले. पाट नव्हता.

आईने आणि मी घर उलटंपालटं केलं. घरात होतं काय, तांदळाचा डबा आणि दोन वळकट्या, तरी दिवसभर केलं. तिन्हीसांजेला मी गडग्याशी जाऊन उभी राहिले. मी रागावले की पुस्तकी मराठी बोलते, मास्तरणीचा रोग.

“आमचा पाट कुठे आहे?”

“माका काय इचारतंस? तुझो पाट तुझ्या माळ्यार.”

“माळ्यावर नाही. तो कोणीतरी चोरला आहे. ज्याला गणपती आपल्या घरी न्यायचा आहे, त्याने.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानावरची विडी काढली, पेटवली नाही, परत कानावर ठेवली. “बापूस गेलो आणि चेडवाक जीभ फुटली,” एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी आईला म्हटलं, बघ, उत्तर नाही त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी गणपतीच्या शाळेत गेले. तळ्याच्या पलीकडे, मळ्यामळ्यांतून तासाभराची वाट. आत ओल्या मातीचा वास, ओळीने पाट, पाटांवर मूर्ती, कोणाला नुसतं पोट आलेलं, कोणाला सोंड यायची होती. म्हातारे मूर्तिकार जेवायला गेले होते. त्यांचा मुलगा होता, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की ह्या शाळेत. कोपरापर्यंत माती, चष्म्यावर माती. देखणा म्हणता येणार नाही. निदान चष्मा पुसल्याशिवाय.

आणि त्याच्या समोरच आमचा पाट. कोपऱ्याला काळा डाग. त्यावर मूर्ती अर्धी झालेली.

“हा पाट कोणी आणला?”

त्याने पाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ मातीकडे. “आधीच इलो,” म्हणाला.

“आधी म्हणजे कधी?”

“आधी म्हणजे… आधी.”

“कोणी दिला?”

“किती पाट येतत, बाई. ध्यानात ऱ्हवत नाय. पुढच्या आयतवारी येवा, बापाशीक इचारून ठेवतंय.”

मी इतक्या रहस्यकथा उगाच वाचल्या नव्हत्या. हा माणूस काहीतरी लपवतोय हे मी जागच्या जागी ओळखलं. काकांनी पाट चोरून इथे आणून दिला, ह्याला गप्प राहायला सांगितलं, आणि चतुर्थीला येऊन मूर्ती घेऊन जाणार. माझं निदान अर्धं बरोबर निघालं. लपवत होता हे खरं. काय लपवत होता, तिथे माझी सगळी लायब्ररी कमी पडली.

पुढच्या रविवारी गेले. म्हाताऱ्यांना म्हणे माहीत नव्हतं. “शेजाऱ्यांका इचारतंय. पुढच्या आयतवारी येवा.” गेले. शेजारी म्हणे लावणीला गेले होते. मी भांडत असे, तो माती मळत असे. मधेच त्याची बहीण चहा आणून ठेवी. मी येण्याआधीच चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं असतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मी लाच असा लावला. चहा मात्र प्यायले. वाट तासाभराची होती.

वाईट हे, की मला तो आवडायला लागला होता. आरडाओरडा केला तरी हा माणूस उलट बोलत नसे. एकदा मी तावातावाने बोलत असताना त्याने मातीचा एक उंदीर करून माझ्यासमोर ठेवला, आणि तो उंदीर कान टवकारून माझं भाषण ऐकत होता. मला हसू आलं. चोराच्या साथीदाराने आपल्याला हसवावं, ह्याचा संताप घेऊन मी घरी आले.

आई चुलीशी, म्हणजे दगडांशी, बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “दर आयतवारी धुतलेला पातळ नेसान भांडाक जातंस?”

“चिखल असतो वाटेत.”

“चिखलात जाताना लोक जुना नेसतत गो.”

काका तिकडे स्वस्थ बसले नव्हते. पाट शाळेत पोचल्याचं त्यांच्याही कानावर गेलं होतं, आणि तो मीच गुपचूप देऊन आले, वर त्यांनाच चोर म्हणते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक नवा कोरा पाट करून घेतला आणि तोही शाळेत दिला. आता एका घराण्याच्या दोन मूर्ती घडत होत्या. वाडीत दुसरा विषय उरला नाही. बावीवर बायका पाणी भरताना गप्प झाल्या की समजावं, आपल्याबद्दल चाललं होतं. मूर्ती एकदा घडली की ती न बसवून चालत नाही. आणि दोन मूर्तींतली मूळ पाटावरची कोणाकडे जाणार, ह्यावर आईची चूल अडली होती.

श्रावणात गणपतीच्या मागची भिंत रंगवायची असते. चुना दिलेल्या भिंतीवर दरवर्षी नवी चित्रं. म्हाताऱ्या मूर्तिकारांनी मास्तरांना पाठवलं. मास्तरांनी कमळ काढलं, वेल काढली, दोन मोर काढले, आणि मग एका पोपटाला तीन दिवस लावले. दोनच लागले, असं मास्तर आजही म्हणतात. तीन. मी समोर बसून तांदूळ निवडत होते, मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी कुंचला हातात धरून ते म्हणाले, “बाई, तुमका एक सांगाचा होता.”

मी सूप खाली ठेवलं. “सांगा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “चोच लाल करू, की केशरी?”

“लाल,” मी म्हटलं आणि सूप उचललं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेत माणूस मावत नव्हतं. बाहेर पाऊस, पडवीत इरली आणि छत्र्यांचा ढीग. म्हातारे मूर्तिकार एकेका मूर्तीचे डोळे आखत होते, आखणी झाली की घरवाला ‘मोरया’ म्हणून मूर्ती उचलत होता. काका आपल्या मुलांना घेऊन आले होते. त्यांच्या नव्या पाटावरच्या मूर्तीचे डोळे झाले. मग म्हातारे आमच्या मूर्तीपुढे येऊन बसले, कुंचला बुडवला आणि थांबले.

“ही कोणाच्या घराक जातली?”

“आमच्या,” मी म्हटलं.

“आमच्या,” काका म्हणाले. “घराण्याचो पाट. वडील मी. तेच्या घरात पुरुष माणूस नाय.”

म्हाताऱ्यांनी कुंचला खाली ठेवला. “माझ्या शाळेत एकच रीत. पाट जेणा दिल्यान, तो सांगीत त्या घराक मूर्ती. कोणी दिल्यान ता सांगा, मगे मी डोळे आखतंय. नायतर तशीच ऱ्हवतली.”

मी काकांकडे बघत होते, काका माझ्याकडे. त्यांनी दिला म्हणावं, तर चोरी कबूल. मी दिला म्हणावं, तर खोटं, आणि ते देवासमोर.

“मी दिलंय नाय,” काका म्हणाले.

“मीही दिला नाही,” मी म्हटलं.

दोघांचे चेहरे बघून लोकांना कळलं, दोघंही खरं बोलतायत. मागून कोणीतरी म्हणालं, “राखणदारान हाडल्यान.” जागा राखणाऱ्या देवानेच पाट आणला, असं समजून एक-दोघांनी हात जोडले.

कोपऱ्यात मास्तर रंगाच्या वाट्या धुवत होते. ते उठले. वर्गात बोलावं तसं स्वच्छ मराठीत म्हणाले, “पाट ह्यांच्या वडिलांनी दिला.”

कोणाला काही समजेना. वडील जाऊन सात-आठ महिने झाले होते.

“गेल्या वर्षी विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी. शाळा रिकामी होती, मी एकटाच होतो. ते पाट घेऊन आले. व्हाळातली वाळू अजून पाटावर होती. दम लागला होता, त्या बाकावर बसले. म्हणाले, पुढच्या वर्षीचो पाट ठेवून घे. मी म्हटलं, आजून वरीस आसा, आत्ताच कित्याक? तर म्हणाले…” इथे मास्तरांचं स्वच्छ मराठी संपलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पाटाकडे बघत होते. “म्हणाले, ‘माझ्या घराचो गणपती माझ्याच घरात बसाक व्हयो. मी नाय इलंय, तर माझा चेडू येतला. ताच नेतला.’”

मी बाकावर बसले. तो बाक कोणता, हे मास्तरांनी सांगितलं होतं, म्हणून त्याच्यावर. ‘एक चेडू आसा’ म्हणून पावसाचा विषय काढणारा माझा बाप खोकत खोकत इथवर आला होता, आणि मी येणार, मीच मूर्ती नेणार, हे त्याला एक वर्ष आधी ठाऊक होतं. मला नव्हतं. मी सगळ्या लोकांसमोर पदर तोंडात कोंबून रडले. त्याची लाज आजही वाटत नाही.

रडणं आवरलं तशी दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि मी ताडकन उठले.

“हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

मास्तरांनी हातातली वाटी खाली ठेवली.

“मी दर रविवारी येऊन विचारत होते. मी ह्यांना चोर म्हणत होते! का नाही सांगितलंत?”

“सांगितलंय असतंय,” ते अगदी हळू म्हणाले, “तर तुमी परत येवक नसलात.”

बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी खुदकन हसलं. म्हाताऱ्यांनी मुलाकडे असं पाहिलं, की ह्याला मातीत घालून परत मळावा. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या बापाचे शब्द होते ते. माझ्यासाठी ठेवलेले. आणि ह्या माणसाने स्टूल पुसून, चहा पाजून ते आपल्याजवळ ठेवून घेतले होते.

“ते शब्द तुमचे नव्हते,” मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

काका इतका वेळ उभेच होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळला, गोल गुंडाळून डोक्यावर चुंबळ ठेवली.

“आख डोळे,” ते म्हाताऱ्यांना म्हणाले. “तेणा दिल्यान मा? मगे थंयच बसतलो.”

डोळे आखले. काका वाकले आणि आमची मूर्ती त्यांनी उचलली. त्यांचा मोठा मुलगा म्हणाला, “बाबा, आपली?” काका म्हणाले, “ती मागसून. आदी भावाची.”

आम्ही पावसात निघालो. काका पुढे, अनवाणी, मी मागे. तळं गेलं, देवळाची पायवाट गेली. मळ्यात शिरल्यावर मान न वळवता म्हणाले, “माका चोर म्हणालंस.”

“म्हणाले.”

“मगे छत्री तरी धर.”

मी छत्री धरली. गणपतीवर. काका भिजले, मीही भिजले. गडगा ओलांडताना त्यांचा पाय घसरला तेव्हा मी त्यांचा कोपर पकडला, आणि तो दारापर्यंत सोडला नाही.

आईने दारात मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळला, काकांच्या पायांवर पाणी घातलं. मूर्ती माटवीखाली, म्हणजे वर फळं-पानं बांधलेल्या चौकटीखाली, बसली. काकांनी मान वर करून वासे पाहिले, सगळे, एकेक. मग भिंत पाहिली. “पोपट बरो काढल्यान,” म्हणाले आणि आपली मूर्ती आणायला परत निघून गेले. त्या वर्षापासून त्यांच्या घरातही गणपती बसतो. खोल्या त्यांनी नव्या लाकडाच्या बांधल्या.

मी आईला बाबा काय म्हणाले ते सांगितलं. ती ऐकत राहिली.

“ताच नेतला, असा म्हणाले?”

“हो.”

थोड्या वेळाने परत, “ताच नेतला, म्हणाले?”

“हो गं.”

तिने डोळे पुसले, आत गेली आणि चूल पेटवली. उद्याच्या नैवेद्याची तयारी तशीच पडलेली, आणि ही पेज शिजवत बसली. आम्ही दोघींनी, मी तर ओल्या साडीतच, भाजलेल्या सुक्या मिरचीबरोबर पेज खाल्ली. इतकं चवदार मी जन्मात काही खाल्लेलं नाही, आणि ती मीठ घालायला विसरली होती.

मास्तर आरतीला आले नाहीत. वाडीतले सगळे आले. मी दाराकडे पाहिलं नाही, असं मी आईला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. काका व्हाळावरून परत आले आणि रिकामा पाट, वर मूठभर ओली वाळू, त्यांनी आईच्या हातात दिला. आईने तो माळ्यावर ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर आणून धरला.

“जा. देऊन ये.”

“आत्ताच? अजून वर्ष आहे.”

“घराची रीत ती आता,” ती म्हणाली.

मी गेले. शाळा रिकामी होती. एकटे मास्तर जमिनीवर वाळलेली माती खरवडत बसले होते. मला बघून उठले आणि तसेच उभे राहिले. मी पाट त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाळू सांडू दिली नाही.

“माझा चुकला,” ते म्हणाले.

“चुकलाच.”

त्यांनी पाट भिंतीला टेकवला. तो नीट उभा राहिला तरी परत सरळ केला. मग मूर्तिकाराच्या घरच्या माणसाने विचारायचं असतं ते विचारलं. “कोण नेतला?”

“मी,” मी म्हटलं. “आणि मदे मदे येतलंय. पाट जाग्यार आसा की नाय, ता बघूक.”